अगोदर अंगठा उडाला

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. त्याच्या चिठ्ठीवर मराठीत तीन सूचना छापलेल्या होत्या. केस शाम्पूने धुऊन यावे, तेल लावू नये. आदल्या रात्री झोपू नये. सोबत एक माणूस आणावा, झटका ज्याने डोळ्यांनी पाहिला तोच आला तर उत्तम. पहिल्या दोन सूचनांवर आमच्या घरात बराच खल झाला. मे महिना, नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि अशात टाळूला तेल नाही म्हणजे सासूबाईंच्या मते दुखणं वाढवायचीच तयारी. तिसऱ्या सूचनेचं कोणाला काही वाटलं नाही. जाऊबाई येणारच होत्या.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. एप्रिलच्या शेवटी निकालपत्रकांचं काम घरी घेऊन बसले होते, तेव्हा मला झटका आला. त्या दुपारचं मला काहीही आठवत नाही. मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता, एवढं आठवतं. त्यानंतर एकदम शेजारच्या काकाजींचा चेहरा आणि त्यांच्या हातातली चप्पल. हुंगवायला आणली होती. ती नाकापर्यंत आली नाही, कारण जाऊबाईंनी त्यांना दारातच थोपवलं होतं. मधला जो काळ माझ्या आयुष्यातून गेला, तो सगळा जाऊबाईंजवळ आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘टेन्शन घेता का’ विचारलं आणि पुढे पाठवलं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी केंद्रात लगेच ईईजी काढून मिळाला. लहानशी खोली, खिडकीत कूलर, आणि माझ्या कपाळावरून घाम नुसता ओघळत होता. रिपोर्टवर ‘असामान्य’ असा शिक्का. तो घेऊन घरी आलो त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. चुलत सासऱ्यांकडून तर ‘लग्नाआधीचंच असेल, माहेरच्यांनी लपवलं’ इथपर्यंत विषय गेला. हिंदू विवाह कायद्यात वधूवराच्या अटींमध्ये मिरगीचा उल्लेख होता, तो १९९९ साली काढून टाकला. गावातल्या बैठकीतून तो अजून निघायचा आहे.

नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टनी तो आलेख टेबलावर उलगडला, दोन-चार पानं पाहिली आणि विचारलं, “कूलरपाशी काढला का हा?” संथ, मोठ्या लाटांसारख्या रेषा त्यांनी बोटाने दाखवल्या. “हा घाम आहे. घामातल्या क्षारांनी डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडखालचा विद्युतदाब सरकत राहतो आणि रेषा अशा डोलतात. आणि ही जाड, केसाळ रेघ दिसते ना, ही घरातल्या विजेची. सेकंदाला पन्नास वेळा. तुमच्या मेंदूचं यात फार थोडं आहे.” आम्ही ज्याच्यावरून उपाशी राहिलो, तो घाम आणि कूलर होता.

मग त्यांनी आलेख बाजूला सारला, आणि खुर्ची माझ्याकडून जाऊबाईंकडे वळवली.

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण पुढच्या सगळ्या तपासण्यांत मला याचीच आठवण येत राहिली. जाऊबाई सातवी शिकलेल्या. शेत त्याच पाहतात. डॉक्टरांसमोर बोलायचं म्हणून पदर सावरून बसल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, “सगळ्यात अगोदर काय हललं?”

“अंगठा,” जाऊबाई म्हणाल्या. “उजव्या हाताचा अंगठा उडून रायला होता. मी सांभार (कोथिंबीर) निवडत होती समोर. मले वाटलं लिहू लिहू हात दुखला असन. मंग तोंडाचा कोपरा ओढू लागला, ह्याच बाजूचा. मी आवाज देल्ला तर पाह्यलं माह्याकडे, पन बोलता येईना. मंग मान इकडं फिरली, उजवीकडं, डोळे बी तिकडंच. अन् मंग सगळं आंग.”

“किती वेळ?”

“कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या मधात.”

“डोळे मिटलेले की उघडे?”

“उघडे.”

“उठल्यावर?”

“घंटाभर उजव्या हातानं कप धरता येईना इले. म्हने झोपेनं जड झाला.”

डॉक्टर लिहीत होते ते थांबले. म्हणाले, “डाव्या मेंदूत, पुढच्या भागात, हाताच्या केंद्राजवळ काहीतरी असावं. आता शोधू.” तोवर एकाही यंत्राचं बटण दाबलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी वाचायला घेतलं. एकोणिसाव्या शतकात लंडनला जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन नावाचे डॉक्टर होऊन गेले. त्यांच्याजवळ मेंदू पाहायचं एकही साधन नव्हतं. त्यांनी झटके पाहिले. एका बाजूने सुरू होणारे झटके बहुतेक वेळा तीन जागांवरून सुरू होतात, असं त्यांनी टिपलं: अंगठा आणि तर्जनी, तोंडाचा कोपरा, पायाचा अंगठा. तिथून ते ठरल्या क्रमाने अंगभर सरकतात. त्यावरून त्यांनी ताडलं की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचे अवयव कुठल्यातरी क्रमाने मांडलेले असणार. १८७० मध्ये बर्लिनला फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला बारीक विजेचा स्पर्श केला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. पुढे मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्डनी जाग्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करताना हेच केलं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून रोगी जागा ठेवता येतो आणि तो सांगतो, ‘आत्ता अंगठा हलला, आत्ता ओठाला मुंग्या आल्या.’ त्यातून मेंदूवर कुठला अवयव कुठे, याचा नकाशा तयार झाला. त्या नकाशात अंगठा आणि ओठ यांची जागा भलीमोठी, आणि एकमेकांना लागून. पाठीला मात्र चिंचोळी पट्टी. जाऊबाईंनी सांभार निवडता निवडता जे पाहिलं, ते या नकाशाला तंतोतंत धरून होतं.

जागरणाचा प्रश्न कुरोड्यांनी सोडवला. गहू भिजलेलेच होते. चीक रात्री निवळायला ठेवायचा आणि उन्हं चढायच्या आत शिजवून घालायचा, हा दरवर्षीचा क्रम. यंदा रात्रभर मी आणि जाऊबाई अंगणात बसून राहिलो. मध्यरात्रीनंतर मला पेंग आली की त्या पाण्याचा हात मानेला लावायच्या. पहाटे चीक गंजात रटरटायला लागला, मी चुलीपासून लांब (झटक्यानंतर चूल आणि विहीर दोन्ही मला बंद), त्या एकट्या घोटत होत्या, आणि मी सोऱ्याला आतून तेल लावत होते. केसांना नाही तर नाही, सोऱ्याला तरी. अर्ध्या कुरोड्या बाजेवर पडल्या आणि आम्ही वडकीवरून हायवेला लागलो. हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. गाडीत डोळा लागू द्यायचा नाही म्हणून दीर माझ्याकडून पाढे म्हणवून घेत होते. तेविसाच्या पाढ्याला मी हात टेकले.

इथली खोली थंड होती. टेक्निशियन मुलीने आधी टेपने डोकं मोजलं. नाकाच्या मुळाशी असलेल्या खोबणीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या अंतराचे दहा टक्के, वीस टक्के काढून तिने लाल पेन्सिलीने खुणा केल्या. या पद्धतीला टेन-ट्वेंटी म्हणतात; १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी ती मांडली. डोकं लहान असो की मोठं, खुणा मेंदूच्या त्याच भागावर पडतात, आणि नागपूरचा आलेख जगातल्या कुठल्याही डॉक्टरला वाचता येतो. टक्केवारीचा इतका उपयोगी वापर मी सातवीच्या पुस्तकात कधी शिकवला नव्हता. प्रत्येक खुणेवर भांग पाडून, खरखरीत जेलने कातडी घासून, पांढरी पेस्ट लावून इलेक्ट्रोड. एकूण एकवीस, कानांचे दोन धरून. माझे केस कमरेपर्यंत. त्या पोरीने किती भांग पाडले असतील!

डोळे मिटा, उघडा, मिटा. मग तीन मिनिटं जोरजोराने श्वास. दुसऱ्याच मिनिटाला बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि दबलेला दोष असला तर वर येतो. मग डोळ्यांवर लुकलुकता दिवा, हळू, जलद, फार जलद. मग दिवे घालवले आणि झोपायला सांगितलं. ही आज्ञा मी आनंदाने पाळली.

उठल्यावर तिने मला पडद्यावर माझाच आलेख दाखवला. डोळे मिटताच डोक्याच्या मागच्या भागात एकसारख्या, नीटस लहरी सुरू होत होत्या, सेकंदाला दहाच्या आसपास, उघडताच गायब. या अल्फा लहरी. त्या पहिल्यांदा पाहिल्या जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर यांनी. त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले, मरता मरता वाचले. त्याच दिवशी घरी त्यांच्या बहिणीला भावाचं काहीतरी बरंवाईट झाल्याची हुरहूर लागली आणि तिने वडिलांना तार करायला लावली. मन मनाला कसं कळवतं, त्यामागची शक्ती मोजायची, या ध्यासाने हा माणूस मेंदूकडे वळला. १९२४ मध्ये त्यांना माणसाच्या डोक्यावरून पहिला आलेख मिळाला. खात्री पटेपर्यंत ते थांबले आणि १९२९ मध्ये तो छापला. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनही त्यांनी आलेख घेतले होते. मनोमन तार पोचवणारी शक्ती काही सापडली नाही. सापडलं ते डोळे मिटल्यावर सुरू होणारं हे संथ स्पंदन. सासूबाईंना ही गोष्ट सांगितली तर त्यांना त्यातला बहिणीचा भागच खरा वाटला.

रिपोर्ट आला: नॉर्मल.

“मंग काहीच नाई न झालं इले?” सासूबाईंनी हात जोडले. डॉक्टरांनी समजावलं की ईईजीने फक्त तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासाचं सांगितलं. मिरगी असलेल्या माणसाचा पहिला साधा ईईजी निम्म्याच्या आसपास वेळा निर्दोष येतो. शिवाय कवटीच्या बाहेरून दिसायला मेंदूच्या पृष्ठभागाचा काही चौरस सेंटीमीटर भाग एका सुरात पेटावा लागतो. लहानशी जागा मधूनच ठिणगी टाकत असेल तर ती हाडात आणि कातडीत विरून जाते. ईईजीला वेळ कळते, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. जागा मात्र ढोबळ. ‘कुठे’ विचारायचं असेल तर दुसरं यंत्र: एमआरआय, मोठ्या चुंबकाने आतलं चित्र काढणारं.

एमआरआयच्या दारात अडचण दागिन्यांची. केसातले आकडे, कानातल्या फिरक्या, बांगड्या भराभर निघाल्या. मंगळसूत्राला सासूबाईंचा जीव अडला. मी म्हटलं, सोनं काही चुंबकाला चिकटत नाही, मीच शिकवते. टेक्निशियन हसला. म्हणाला, “मॅडम, चिकटत नाही हे बरोबर. पण धातूचं कडं रेडिओ लहरींत तापू शकतं, आणि फोटोत तिथे काळं भगदाड पडतं.” सासूबाईंनी मंगळसूत्र काढून स्वतःच्या गळ्यात घातलं आणि प्रश्न मिटवला. जोडवी निघेनात. उन्हाने पाय सुजलेले. शेवटी बाथरूममध्ये साबणाच्या पाण्यात पाय धरून जाऊबाईंनी ती फिरवत फिरवत काढली. दुसऱ्या बोटाचं साल निघालं, त्याची खूण अजून आहे.

आणि चुंबक चालू करायचा असतो हा माझाही समज होता. तो बंदच नसतो. नायोबियम-टायटेनियमच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना बुडवलेली. त्या थंडीत तारेचा विरोध शून्य होतो आणि प्रवाह नुसता फिरत राहतो. म्हणून खोली रिकामी असली तरी ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेता येत नाही. उडून यंत्रावर आदळेल.

आत डोक्यावर पिंजऱ्यासारखी चौकट बसवतात, हातात दाबायला रबरी फुगा देतात, कानात बोळे. मग नळी. छत नाकापासून वितीवर. मला बंद जागेची भीती नाही, तरी पहिली काही मिनिटं मी फुग्यावरचं बोट सोडलं नाही. आवाज कोणी कितीही सांगितला तरी कळत नाही: आधी ठक-ठक, मग एका लयीत धडधड, मग कर्कश भुंगा, आणि मधेच पाठीखालचा पाटा थरथरतो. चुंबकाच्या आतल्या वेटोळ्यांमधला प्रवाह क्षणाक्षणाला बदलतो, ती वेटोळी हादरतात, त्याचा हा गोंगाट. पाण्यातल्या हायड्रोजनचे केंद्रक त्या मोठ्या चुंबकात एका दिशेने कलतात. रेडिओ लहरीने त्यांना हलवायचं, आणि ते पूर्वपदावर येताना जो क्षीण संदेश देतात तो ऐकायचा. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात ही लहर सुमारे ६४ मेगाहर्ट्झची असते, म्हणजे एफएम रेडिओच्या थोडी खाली. त्या संदेशावरून चित्र कसं बांधायचं, हे पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. नोबेल मिळायला २००३ साल उजाडलं. शेवटी दंडातून गॅडोलिनियमचं इंजेक्शन, चित्रात दोष उजळून दिसावा म्हणून. हाताच्या शिरेतून वर चढणारी गारठ्याची रेघ मला स्पष्ट कळली.

डॉक्टरांनी चित्र पडद्यावर लावलं आणि आधी जाऊबाईंना जवळ बोलावलं. “तुम्ही सांगितलं तिथेच आहे बघा.” डाव्या बाजूला, हाताच्या केंद्रापाशी, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, कडेने उजळलेलं वर्तुळ. आत एका बाजूला ठिपका. भोवती सुजेची राखाडी छाया.

गाठ म्हटल्यावर घरात जो अर्थ घ्यायचा तो घेतला गेला. पण डॉक्टर शांत होते, आणि त्यांच्या शांतपणामागे आपल्याच देशातलं काम होतं हे मला नंतर कळलं. १९८० च्या दशकात सिटी स्कॅन भारतात पसरले तेव्हा झटके येणाऱ्या कितीतरी रुग्णांत असा एकच लहान, उजळणारा ठिपका दिसू लागला. आपल्याकडे क्षयरोग घरोघरी. ठिपका म्हणजे मेंदूतला टीबी, असं धरून वर्ष-वर्ष टीबीची औषधं दिली जायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मॅथ्यू चांडी आणि वेदान्तम राजशेखर या न्यूरोसर्जननी त्यावर विश्वास ठेवण्याऐवजी तो तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बहुतेकांत टीबी नव्हता. डुकराच्या मांसातून आतड्यात येणाऱ्या फीतकृमीची अळी होती, मरायला टेकलेली. मग त्यांनी दोन्हींत फरक कसा करायचा याचे निकष बांधले: वीस मिलिमीटरहून लहान, गोल, नीट कडेचा आणि मेंदूला बाजूला न ढकलणारा असेल तर बहुधा अळीच. त्या काही रुग्णांची कवटी उघडली गेली, म्हणून माझी उघडावी लागली नाही.

“पन डुकराचा किडा आमच्या घरी कुठून?” सासूबाईंचा हा प्रश्न म्हणजे जवळजवळ आरोपच होता. आमचं घर महानुभावी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. डॉक्टरांना हा प्रश्न रोजचाच असावा. डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात मोठा फीतकृमी वाढतो. मेंदूत अळी होते ती मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने. अंडी पडतात माणसाच्या विष्ठेतून. तिथून माती, पाणी, न धुतलेला हात, कच्ची भाजी. म्हणजे ज्याने जन्मात मांस चाखलं नाही त्यालाही होतं. आणि अंडं पोटात गेल्यापासून झटका येईपर्यंत कित्येकदा वर्षं जातात, तेव्हा ते कुठल्या पंगतीतलं हे शोधण्यात अर्थ नाही. घरात कोणाच्या पोटात कृमी आहे का, हे पाहायला सगळ्यांच्या शौचाची तपासणी लिहून दिली. डब्या घरी आल्या तेव्हा सासऱ्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. सासूबाईंनी डबी देवघराच्या भिंतीपलीकडच्या कोनाड्यातही ठेवू दिली नाही. सगळ्यांचे रिपोर्ट निरंक आले. तरी आमच्याकडे सांभार आता पाण्यातून तीनदा निघतो.

औषधं सुरू करायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डोळ्यात अळी असेल आणि ती औषधाने मेली तर सुजेने दृष्टी जाऊ शकते, म्हणून आधी पडदा तपासतात. तो स्वच्छ निघाला. मग सूज आवरायला स्टेरॉइड, अळीवर अल्बेंडाझोल, आणि झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटाम. या शेवटच्या गोळीने पहिले काही आठवडे मी अशी चिडकी झाले होते की दीर दारातूनच विचारायचे, “वहिनी, आत येऊ का?” वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल भरून दिलं आहे. ते कुठल्या टेबलावर आहे ते त्या टेबलालाच माहीत.

आमच्याकडच्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. तोवर गावभर झालं होतं. पहिल्या दिवशी वर्गात एवढी शांतता, की मीच फळ्यावर डोक्याचं चित्र काढून विषयाला हात घातला. मेंदूची पन्नास मायक्रोव्होल्टची लहर म्हणजे दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचा तीस हजारावा भाग, आणि दीड टेस्लाचा चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस-पस्तीस हजार पट; दोन्ही गणितं पोरांनी आनंदाने सोडवली. मग आठवीतल्या एकाने, ज्याच्या मनात तो प्रश्न केव्हाचा असावा, विचारलं, “मॅडम, त्या मशीनीत तुमच्या मनातलं दिसलं का?”

माझ्या मशीनीत नाही. पण त्याच एमआरआयची एक तऱ्हा आहे, फंक्शनल एमआरआय. जपानी शास्त्रज्ञ सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं की ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकात वेगवेगळं वागतं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि चित्र किंचित बदलतं. हा बदल पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो, म्हणजे विचार होऊन गेल्यावर. आणि चित्राच्या एका ठिपक्यात लाखो पेशी. त्यातून मनातलं वाचणं सोपं नाही, आणि भलतंच वाचणं फार सोपं. मी त्यांना मेलेल्या माशाचं सांगितलं. अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातून मेलेला सॅमन मासा आणला, यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि ‘या माणसाला काय वाटत असेल’ असं रीतसर विचारलं. संख्याशास्त्राची योग्य दुरुस्ती न करता आकडेमोड केली तर माशाच्या मेंदूत ठिपके उजळले! हजारो ठिपके तपासले की काही योगायोगाने उजळणारच, हे त्यांना दाखवायचं होतं. २००९ मध्ये त्यांनी ते मांडलं, आणि २०१२ मध्ये त्यांना इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. वर्ग हसत सुटला. “म्हंजे मशीन खोटं बोलते?” मशीन नाही रे, म्हटलं, आपण काय विचारलं आणि उत्तर कसं मोजलं, ते पाहायचं.

दिवाळीनंतर पुन्हा नागपूर. यावेळी एमआरआय नाही, सिटी स्कॅन लिहून दिला. “एवढ्या मोठ्या मशीनीतून आली, आता जुनं मशीन कायले?” सासूबाईंना हिशेब पटेना. सिटी जुना खरा. गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांच्या यंत्रावर लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. पण तो क्ष-किरणांवर चालतो आणि क्ष-किरण चुन्यासमोर अडतात. अळी विरून जागेवर कॅल्शियमचा कण राहिला असेल तर तो सिटीत पांढराशुभ्र उठतो, एमआरआयमध्ये कित्येकदा हुलकावणी देतो. आता प्रश्न चुन्याचा होता, म्हणून यंत्र बदललं.

कण आहे. वर्तुळ गेलं, सूज गेली, मोहरीएवढा पांढरा कण राहिला. असा कण राहिला की झटका परत येण्याची शक्यता जास्त, म्हणून गोळ्या लवकर थांबणार नाहीत. डॉक्टरांनी सवयीने जाऊबाईंकडे पाहिलं. “मध्ये काही दिसलं?”

“जागेपनी नाई. पोळ्याच्या रात्री झोपीत अंगठा उडला होता, मी मोबाइलवर घेतलं थे.” आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

डॉक्टरांनी ते चित्रण तीनदा पाहिलं. खोली अंधारी, पण टॉर्चच्या उजेडात अंगठा दिसतो, सारख्या ठेक्यात, अर्धा मिनिट. गोळी वाढवून दिली. मी विचारलं, “आणि वाढवूनही थांबलं नाही तर?” तर मग काही दिवस भरती करून कॅमेऱ्याखाली ईईजी, झटका येईपर्यंत, आणि कण काढायची वेळ आलीच तर आधी फंक्शनल एमआरआयमध्ये अंगठा हलवायला लावून हाताचं केंद्र कणापासून किती लांब आहे ते मोजायचं, म्हणजे कण निघावा आणि हात राहावा. पण तिथवर बहुधा जावं लागत नाही, असं ते म्हणाले. जाऊबाईंनी मोबाइल पिशवीत टाकता टाकता विचारलं, “व्हिडिओ घेताना दिवा लावाव का तसाच घ्याव? दिवा लावला तर हे उठते.”

“लावा,” डॉक्टर म्हणाले. “आणि पांघरूण काढून घ्या. दुसरा हातही दिसला पाहिजे.”